प्रकृतीच्या कारणास्तव

सात माणसांसाठी सात कागद आले होते. मंडळाचा सचिव ताराचंद वासनिक याने ते शाळेच्या पहिल्या वर्गात, सतरंजीवर, एकेकासमोर मांडले आणि वारा नव्हता तरी प्रत्येकावर खडूचा एकेक तुकडा ठेवला. ताराचंद सरकारी कचेरीत चपराशी होता. कागदाची चाल कळणारा वस्तीत तो एकटाच.

"हा शेवटचा," तो म्हणाला. "तपासणी झाली, खोल्या पाहून झाल्या, विहीर पाहून झाली. हे सात कागद साह्यबाच्या टेबलावर गेले का शाळेले मान्यता."

सहा वर्षे शाळा मान्यतेवाचून चालली होती. रेल्वेलाईनच्या अलीकडची ही बौद्धांची वस्ती, मिलमध्ये नाहीतर विडीच्या कारखान्यात राबणारी. पोरे इथे शिकत आणि चौथीच्या परीक्षेला लाईनीपलीकडच्या शाळेचे नाव सांगून बसत. आपल्या शाळेचे नाव तोंडातून जाऊ नये म्हणून आया त्यांना सकाळी दोनदोनदा बजावून धाडत.

ताराचंदने कागद वाचून दाखवला. कोणत्याही फौजदारी न्यायालयाने मला चोरी, अफरातफर किंवा नैतिक अधःपतनाच्या इतर गुन्ह्यासाठी शिक्षा दिलेली नाही. तसे आढळल्यास मी मंडळावर राहण्यास अपात्र ठरेन.

"नैतिक अधःपतन म्हंजे काय गा?" कोणीतरी विचारले.

"दारू पिऊन नालीत पडनं."

"मंग रामाजीची सही नको घेऊ."

"तीन वर्षं झाले सोडून, लेका," रामाजी म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी अंगठा उठवून मोकळा झाला.

सहा कागद झाले. सातवा मंडळाच्या अध्यक्षाचा, श्रावण गजभियेचा. श्रावण मिलमध्ये मागावर होता. अक्षरे त्याला पंचविशीनंतर आली, म्हणून तो बोट धरून वाचायचा, लहान मुलाला चालवावे तसे एकेका शब्दाला चालवायचा. बोट 'चोरी'पाशी थांबले. मग त्याने कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"उद्या देतो."

"सहीच करायची हाये, श्रावणभाऊ."

"वाचून देतो गा," श्रावण म्हणाला. सगळे हसले, कारण एवढ्या वेळात त्याने तो तीनदा वाचला होता.

घरी भागीरथा चुलीपुढे होती. नवऱ्याने कागद तिच्या पुढ्यात धरला. तिला वाचता येत नव्हते, पण त्याच्या तोंडाकडे पाहून तिने तवा उतरवला.

"मौद्याचं निघालं काय?"

"हाव."

सतरा वर्षांत त्या दोघांनी हा विषय घरात काढला नव्हता. मौद्याकडचे गाव, कन्हानच्या काठावरचे. श्रावणच्या बापाकडे गावचे डफडे होते. दवंडी त्याने पिटायची, गावात ढोर मेले तर त्याने ओढायचे, लग्नाच्या वरातीत सगळ्यांच्या पुढे चालून सगळ्यांच्या मागे जेवायचे. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर श्रावणने सांगितले, आमच्या घरातून आता हे होणार नाही. ते पाटलाच्या कानावर गेले. त्याने आठ दिवस जाऊ दिले आणि श्रावणचा धाकटा भाऊ कवडू, सोळा वर्षांचा, त्याला चावडीवर बोलावून ते डफडे त्याच्या गळ्यात अडकवले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी श्रावण चावडीत शिरला, खुंटीवरचे डफडे काढले, गावातून चालत नदीवर गेला आणि पाण्यात फेकले. ते बुडाले नाही. कातडे आभाळाकडे करून तरंगत राहिले, वळणावर अडकले, सुटले, पुन्हा निघाले. त्याच्याकडे पाहत तो काठावर उभा होता. दोन गावे खाली ढिवरांच्या जाळ्यात ते सापडले आणि मुद्देमाल म्हणून परत आले.

त्या डफड्याचे कडे गावाच्या खर्चाने घडवलेले, चावडीच्या मालकीचे. त्यावरचे कातडे श्रावणच्या बापाने कमावलेले, त्याच्याच हातांनी मढवलेले. कोर्टाला कड्याशी काम होते.

फुकट उभ्या राहिलेल्या वकिलाने सांगितले होते, काही विचारले तर माहीत नाही म्हण. श्रावणने पंचशील घेऊन सहा महिने झाले होते. खोटे बोलणार नाही असे तो लाखो माणसांबरोबर एका आवाजात म्हणाला होता, आणि त्याला वाटत होते की त्या लाखांमध्ये आपला आवाज वेगळा मोजला गेला आहे.

"डफडे तू नेलेस?"

"हो, नेलं."

"परत का नाही केलेस?"

"परत कराले नेलं नव्हतं."

नेताना परत करायचे मनात नव्हते, हेच कायद्याला हवे होते आणि ते त्याने आपल्या तोंडाने दिले. चोरी. एक महिना सक्तमजुरी. सुटला तो गावी गेलाच नाही. नागपूरला आला, मिलमध्ये लागला, मागून त्याने भागीरथेला आणि कवडूला बोलावून घेतले. कवडू पुढच्या साली तापाने गेला. वस्तीत श्रावणने कोणाला काही सांगितले नाही. डफड्याची गोष्ट सांगितली असती तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतले असते. पण गोष्टीच्या शेवटी 'चोरी' हा शब्द होता आणि तो गळ्यातून वर येत नव्हता.

"सही करून टाका," भागीरथा म्हणाली.

"कशी करू वं?"

"तो कागद काय इचारते? चोर हाये का म्हनूनच नं? तुमी चोर हा का?"

"नाही."

"मंग नाही म्हना. खरंच तर हाये ते."

"कागद तसं नाही इचारत. शिक्षा झाली का, असं इचारते."

"काहून इचारते असं?" तिला एकदम राग आला. "त्या भिताडाले माती कोनं लावली ते काहून नाही इचारत?"

शाळेच्या मातीच्या भिंती तिने आणि वस्तीतल्या बायांनी उभ्या केल्या होत्या. विडीचा कारखाना सुटला की त्या मातीचा गारा तुडवायच्या. भागीरथेला मूल नव्हते. तिने तेव्हा एक ओवी जुळवली होती आणि बायांनी ती उचलली होती:

गारा तुडविते बाई, माती लागली गुडघ्याले
लेकरं टेकून बसतीन उद्या माह्या भिताडाले

"मी राहिलो का नाही राहिलो, भिताड तर राहीन," श्रावण म्हणाला.

"तुमाले काढून भिताड राहिलं तर मले काय करायचं हाये त्याचं?" ती म्हणाली. ते खरे नव्हते, दोघांनाही ठाऊक होते.

सकाळी त्याने ताराचंदला घराबाहेर निंबाखाली बोलावून सांगितले. ताराचंदने सगळे ऐकले. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले, तो श्रावणकडे नवीन माणसाकडे पाहावे तसा पाहू लागला. मग त्याच्यातला चपराशी जागा झाला.

"कोनाकोनाले माहीत हाये?"

"भागीरथेले. आता तुले."

"कोनाले सांगू नका. मांगच्या साली आपल्या शाळेविरुद्ध निनावी अर्ज कोनं केला होता? आपल्यातल्यानंच. आपन साह्यबाले भेटू. मानूस बरा हाये."

सीताबर्डीला एका जिन्यावरच्या कचेरीत मधुकरराव नावाचे अधिकारी बसत. ते खरेच बरे होते. त्यांनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायला सांगितले आणि म्हणाले, "निकालाची नक्कल आणा. प्रकरण राजकीय, सामाजिक असेल तर मला टिपणी लिहिता येईल."

नक्कल मिळायला अकरा दिवस लागले. ताराचंदने रेकॉर्डखोलीतल्या माणसाच्या घरी खेपा घातल्या. शेवटी हाती आला तो अर्धा कागद. मधुकररावांनी तो मोठ्याने वाचला. आरोपीने चावडीच्या मालकीचे एक डफडे लबाडीच्या इराद्याने नेले. आरोपीस गुन्हा कबूल. एक महिना सक्तमजुरी.

त्यांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"यात कारण कुठे आहे?"

"कशाचं?" श्रावणने विचारले.

"तुम्ही ते का नेलं, त्याचं."

"ते कोनं इचारलं नाही, साह्येब."

मधुकररावांनी कागद टेबलावर ठेवला. पडद्यावरून पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते.

"मी विचारतो आहे. सांगा."

श्रावणने सांगितले. कवडूच्या गळ्यात डफडे कसे दिसले तेही सांगितले, कारण तेच कारण होते. पोराची मान आधीच बारीक होती.

"मला वाईट वाटतं," मधुकरराव म्हणाले. "पण मी न्यायालयाच्या वर नाही. कागदावर चोरी आहे आणि चोरी या यादीत पहिली आहे. ऐका. तुम्ही खरं लिहिलंत तर तुम्ही अपात्र. एवढ्यावर थांबत नाही. सहा वर्षांच्या प्रत्येक ठरावावर तुमची सही आहे, जागेच्या कागदावर, मुख्याध्यापिकेच्या नेमणुकीवर. अपात्र माणसाने केलेलं ते सगळं वादात जाईल. दोन वर्षं, तीन वर्षं. तोवर शाळा टिकेल?"

"नाही टिकनार," ताराचंदनेच उत्तर दिले.

"आणि खोटं लिहिलंत, मग कोणी निनावी अर्ज केला, तर तुमच्यावर नवा गुन्हा आणि मान्यता रद्द. तेव्हा आज राजीनामा द्या. नवा अध्यक्ष नवा कागद भरेल. मी जुनं उकरणार नाही."

"राजीनाम्यात काय लिहू?"

"काहीही लिहा. प्रकृती लिहा. सगळे प्रकृतीच लिहितात."

जिना उतरताना ताराचंद म्हणाला, "सुटलो, श्रावणभाऊ."

श्रावण कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. "मले काही झालं नाही गा," तो म्हणाला. "मी तर दोन पोती उचलतो."

"कागदावर उचलू नका."

राजीनामा ताराचंदनेच लिहिला, वळणदार अक्षरात. प्रकृतीच्या कारणास्तव मी अध्यक्षपदाचा व सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे, तो मंजूर व्हावा. श्रावणने बोट धरून वाचला. 'प्रकृती'पाशी बोट थांबले नाही. त्याने ते थांबू दिले नाही. सही केली, आणि सही करून झाल्यावर उजवा हात मांडीवर पालथा ठेवून बसला, जणू तो दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिलेला हात आहे.

घरी भागीरथा म्हणाली, "तवा खरं बोलून जेलात गेले. आता?"

"आता शाळा हाये."

त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री दोघे जेवताना बोलले नाहीत.

मान्यतेचा कागद शाळा उघडायच्या आत आला. रामाजी अध्यक्ष झाला. मुख्याध्यापिका कुसुमावती रामटेके, वर्ध्याहून शिकून आलेली, सव्वीस वर्षांची, तिने तो कागद काचेत लावला आणि वस्तीभर चिवडा वाटला. पहिली पुडी ती स्वतः श्रावणकडे घेऊन आली.

"काका, काय होतं तुम्हाला? ताराचंदभाऊ नीट सांगत नाहीत."

श्रावणने भागीरथेकडे पाहिले. भागीरथेने चुलीकडे.

"छातीत," तो म्हणाला. "दुखते मधामधात."

"मिलमधल्या कापसानं. मला वाटलंच होतं."

ती गेली आणि संध्याकाळपर्यंत वस्तीला छाती कळली. शेजारची अंजनाबाई अडुळशाचा काढा घेऊन आली. तिच्या तीन पोरी शाळेत होत्या. "पुरा प्याचा, भाऊ. पेला रिकामा पाहिल्याबिगर मी हलत नाही." त्याने तिच्यासमोर पुरा प्यायला. दुसऱ्या दिवशी कोणी शेळीचे दूध आणले, कोणी मध. ते त्याला नाकारता येत नव्हते आणि दारात ठेवून देणाऱ्यांच्या पाठीकडे पाहता येत नव्हते.

"देवा, किती खोटं पचवावं लागते," भागीरथा काढ्याचे भांडे घासताना पुटपुटली. देवाचे नाव तिने अठरा वर्षांत घेतले नव्हते.

मिलमध्ये रामाजीचा भाचा श्रावणच्याच खात्यात होता. त्याने श्रावणला पोते उचलताना पाहिले.

"काका, शाळेत दोन घंटे बसवत नाही अन् इथं पोतं चालते काय?"

त्याने चेष्टेत विचारले होते. पण संध्याकाळी ताराचंद निंबाखाली उभा होता.

"थोडं सांभाळा. लोक बोलून राहिले. का बा, रामाजीनं अध्यक्षपदासाठी तुमाले काढलं. आज हे बोलतीन, उद्या खरं कारण हुडकतीन. काही दिवस खाटेवर राहा. मिलातून सुटी घ्या."

"किती दिवस?"



श्रावणने सुटी घेतली. खाट दारापाशी आणली, कारण आजारी माणूस लोकांना दिसायला हवा. पहिले काही दिवस तो दुपारी दार लावून खोलीत फेऱ्या मारायचा. मग एकदा अंजनाबाईने फटीतून विचारले, "कोन चालून राहिलं वं, भागीरथा? भाऊ तर निजले असतीन नं?" आणि भागीरथा म्हणाली, "मीच." त्यानंतर त्याने फेऱ्या सोडल्या.

दसऱ्याला सगळी वस्ती दीक्षाभूमीला निघाली. पांढरे कपडे, निळे झेंडे, डोक्यावर भाकरीची गाठोडी. अठरा वर्षांत श्रावण एकदाही चुकला नव्हता, जेलमधून सुटल्याच्या सालीही नाही. रामाजी दाराशी येऊन म्हणाला, "तुमच्या नावानं मी वंदन करतो, भाऊ. तुमी निजा." भागीरथेला बायांनी ओढून नेले, वर्षातून एक दिवस तरी बाहेर पड म्हणून. ती वळून वळून पाहत गेली.

वस्ती रिकामी झाली तेव्हा श्रावण उठला. मधल्या गल्लीने चालत गेला. घामाघूम होईपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा. विहिरीवर जाऊन बारा बादल्या उपसल्या आणि अंजनाबाईचा रांजण भरून ठेवला. शाळेला कुलूप होते. त्याने खिडकीतून काचेतला कागद पाहिला, बोट काचेवर ठेवून त्याच्यातला एकेक शब्द चालवला. त्या दिवशी तो बरा होता. लाईनीवरून येणारे पहिले आवाज ऐकू आले तसा तो घरी गेला, पाय धुतले आणि खाटेवर पडला.

"माहा रांजण कोनं भरला?" अंजनाबाई गल्लीत विचारत होती. कोणी सांगेना. मग कोणीतरी म्हणाले, बाबासाहेबानं, आणि सगळ्या हसल्या.

थंडीत त्याला खोकला झाला. पहिल्यांदा तो झाला तेव्हा भागीरथा त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली, कारण घरात तर कोणीच परके नव्हते.

"अजी, कोनाले ऐकवता?"

"ऐकवत नाही वं," तो म्हणाला. "खराच हाये."

काहीसा हायसे वाटल्यासारखा तो बोलला आणि त्या आवाजानेच ती घाबरली. सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरने छातीला नळी लावली, पाठीला लावली, किती दिवस पडून आहात म्हणून विचारले. सहा महिने, भागीरथा म्हणाली. इतके का पडून राहिलात, डॉक्टरने विचारले. उठायचे होते, माणूस पडून पडून मोडतो. श्रावण सदऱ्याची बटणे लावू लागला. औषधे मिळाली. पौषात त्याच्या पायांवर सूज आली आणि त्याला धरून बसवावे लागू लागले. मिलने नाव कमी केले.

तेव्हा भागीरथेने एकदा ठरवले, की वस्तीला सांगून टाकायचे. माझा माणूस आजारी नव्हता, तुम्ही त्याला आजारी केले. डफडे, नदी, कोर्ट, सगळे. ती अंजनाबाईच्या दारापर्यंत गेलीही. आत तिन्ही पोरी ओळीने बसून पाटीवर लिहीत होत्या. चौथीतली थोरली आईला सांगत होती की या वर्षी परीक्षेला आपल्याच शाळेचे नाव लिहायचे, बाईंनी फळ्यावर लिहून दाखवले.

"काय वं, भागीरथा?" अंजनाबाई म्हणाली. "भाऊ बरे हायेत नं?"

"नाही," भागीरथा म्हणाली. "बरे नाहीत." एवढे एक वाक्य तिला त्या वर्षात कोणापुढे खरे बोलता आले. मग ती परत आली.

कुसुमावतीबाईंना अंजनाबाईकडून कळले. बाई कोवळ्या मनाच्या होत्या. आपली शाळा ज्याने उभी केली त्याला झोप तरी नीट लागावी, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी मुलांना सांगितले, गजभियेकाकांच्या घरावरून जाताना कोणी बोलायचे नाही, कोणी पळायचे नाही, चपला हातात घ्यायच्या.

शाळा सुटायची वेळ झाली. खाट दारापाशीच होती. श्रावणने भागीरथेला उशाशी लोड लावायला सांगितले, कान दाराकडे केला. रोज या वेळेला गल्ली भरून जायची, पाढे म्हणत, भांडत, एकमेकांना नावे ठेवत. त्याने वाट पाहिली.

"सुटी हाये काय आज?" त्याने विचारले.

भागीरथा दारात उभी राहिली. दीडशे पोरे गल्लीतून चालली होती. चपला हातात, तोंडावर बोट, एकामागे एक. लहानगी तर श्वास धरून चालत होती. तिला पाहून त्यांनी मान लववली आणि आवाज न करता पुढे गेली.

"हाव," ती म्हणाली. "सुटी हाये."